बोटीचं जेवण

सातारा
१२ जानेवारी १९९७

चि. सौ. रेश्मास,

आईचे पोटभर आशीर्वाद. जावईबापूंनाही सांग.

तुझं पत्र आणि बोटींची दोन्ही रंगीत चोपडी पोचली. इकडे सगळं ठीक. थंडी मरणाची पडलीय. तुझ्या आबांचा गुडघा कुरकुरतोय आणि त्याच्यापेक्षा जास्त आबा. तू लिहिलंस, ग्रीसच्या सहलीला दोन्हींतली कुठली बोट ते तुम्हीच ठरवा, मी तिकिटं काढते. आता काय सांगू बाई, त्या ग्रीसच्या समुद्रावरनं आमच्या घरात रोज भांडण आहे.

अंजनामावशी सांगलीहून मुद्दाम आलीय, चित्रं बघायला. तिचं मत मोठ्या बोटीला. आत बाजार, सिनेमा, पोहायचा तलाव! "आवं दाजी, आख्खी सांगली मावंल बघा हिच्यात," म्हणाली. दुसरीचं चित्र बघून तिनं नाक मुरडलं. "ही तर चाळीस माणसांची. आमच्या हरिपूरच्या नदीतल्या नावंला रंग दिल्यावानी दिसती."

आबाही मोठीच म्हणत होते. पलटणीबरोबर काँगोला गेले तेव्हा एवढ्या थोरल्या जहाजावरसुद्धा त्यांचं पोट ठिकाणावर राहिलं नव्हतं. ही गोष्ट ते कुणाला सांगत नाहीत, मीच सांगते. "ल्हान बोट लय हलती, शालू. मी न्हाई बसायचा," म्हणून मोकळे झाले.

मग मी तुझ्या पत्रातला तेवढा भाग पुन्हा वाचून दाखवला. मोठ्या बोटीवर जेवण तिकिटात, पण मधे चहा-सरबत मागवलं की सही करायची, पैसे नंतर भरायचे. लहान बोटीवर सगळंच तिकिटात, कुणी काही विचारत नाही.

आबांनी चष्मा पुसला. "सही कुणाची?"

"जावयांची."

"म्हंजी चा जावयाचा झाला."

"झालाच की."

"आन् ल्हान बोटीवरचा?"

"बोटीचा."

"पर तिकीट जावयाचंच न्हवं?"

मी म्हटलं, "तिकीट म्हंजी गाडीभाडं. भाडं भरलं म्हणून काय कुणाचं मीठ खाल्लं हुतंय व्हय?"

आबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बसू ल्हानीत. हलली तर हलली."

रेश्मा, मी हसत हसत लिहितेय, पण तुला ठाऊकच आहे सगळं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हे आपल्या घरात कुणी मोडलेलं नाही. पुण्याला तुझ्याकडे आलो तेही दशम्या बांधून, फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी घेऊन. तू पुरण घातलं होतंस. तो वास अजून माझ्या नाकात आहे. संध्याकाळच्या एस.टी.नं आम्ही परत, आणि पुढं तुम्ही इंग्लंडला गेलात. ही बोटीची सहल तू का काढलीस, ते मला पत्र वाचता वाचताच कळलं गं. आम्ही तुझ्या घरी जेवत नाही, म्हणून तू समुद्रात पंगत मांडायला निघालीस. किती आठवण येते तुझी, काय लिहू.

काल दुपारी जेवताना आबा एकाएकी म्हणाले, "बोटीवर सैपाकाच्या खोलीत पोरीला जाऊ देत्यात का गं?"

"कशाला?"

"न्हाई, येखादी भाकरी तिनं थापली तर... पीठ बोटीचंच आसंल न्हवं?" आणि उठून हात धुवायला गेले. ताटात अर्धी भाकरी तशीच.

मला राहवेना. पाठोपाठ मोरीपाशी गेले. तुला लागेल, पण जे बोलले ते लिहिते. म्हटलं, "आवं, बोटीचं पीठ चालतंय आन् पोरीच्या घरचं का चालत न्हाई? लेकरू व्हायचं आसतं तर झालं आसतं आतापतूर. डाक्टरांनी हात टेकलं. आता काय जलमभर तिच्या दारात बसून दशम्या खायच्या?" अंजना आत भांडी लावत होती, तीही थांबली. आबांनी नळ बंद केला आणि ओल्या हातांनीच बाहेर गेले.

संध्याकाळी त्यांनी स्टुलावर चढून माळ्यावरचा फिरकीचा तांब्या काढला. दुखऱ्या गुडघ्यानं! मला वाटलं, झालं, आता तो इंग्लंडला निघाला. तर चिंचेनं घासूनपुसून तो त्यांनी अंजनाच्या पुढ्यात ठेवला. "ने सांगलीला. आमाला आता लागायचा न्हाई." मी पदर तोंडाला लावून आत गेले.

तेव्हा बाई, लहान बोटच काढ, आबांनी ठरवलीय. पण आधी चार दिवस तुझ्या घरी येऊ असं तिकीट बघ. बोटीवर काय वाढतील ते वाढोत, मला त्याचं काही नाही. आम्ही पोचू त्या दिवशी पुरण घाल. विमानात खायला देतात म्हणे, मी तोंडाला लावणार नाही.

तुझ्या दारी उपाशी येणारी,
तुझी आई