फणस वाजवून बघतात तसं

सुर्ला, डिचोली
मंगळवार, ता. २४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. समीक्षा हिला सासऱ्याचे, म्हणजे तुझ्या बाबाचे, पोटभर आशीर्वाद.

बाय, तिकडे सगळी बरी आहात ना? जानकी विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? पावसाळा सरत आला, आता ओल कमी झाली की बरं वाटेल म्हणावं. शांताराम व्याह्यांचा खोकला थांबला का? ते विडी सोडली म्हणतात, पण खोकला ऐकून मला तसं वाटत नाही. तुझ्या भावाची, साईशची, मोप्याच्या विमानतळावरची पाळी बदलली का? लोकांच्या बॅगा उचलून त्याची पाठ जायची. तुझी तब्येत शेवटी विचारतो, कारण तीच विचारायला बसलोय.

इकडे मी मजेत आहे. चवथ झाली. गणपतीवरची फळापानांची माटोळी एकट्यानं बांधली, ती एका बाजूला कलली. महादेव शेजारी म्हणाला, "जयराम, तुझा गणपती मान वाकडी करून बघतोय." मी म्हटलं, सुनेला शोधत असेल. पोदेर अजून सवयीनं दोघांचे पाव टाकतो, मी त्याला नको म्हणत नाही.

फोनवर बोललो असतो, पण साईश म्हणाला, तू फोन तांदळाच्या डब्यात टाकून दिलास आणि घरच्यांनाही उंबऱ्याबाहेर जाऊन बोलायला लावतेस. त्या लहरी पोटाला लागतात म्हणून. बरं गो. तुमच्या कौलांवरून दिवसभर विमानं जातात त्यांना तू काही म्हणत नाहीस, राग काय तो माझ्या फोनवर! म्हणून हे पत्र. गुरुदास कंडक्टर पेडण्यापर्यंत आणील, तिथून साईश घेईल.

आता मुद्द्याचं. तुझ्या गावच्या सिस्टरनं दोनदा टेपनं पोट मोजलं. मागच्या खेपेपासून ते वाढलेलं नाही. ह्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या, थांबू नका, असं तिनं सांगितलं. तू नको म्हणून घरात जाऊन दार लावलंस. हे मला साईशनं रडत सांगितलं. तो पोरगा बहिणीच्या लग्नातसुद्धा रडला नव्हता.

असल्या गोष्टी सासऱ्यानं सुनेला लिहू नयेत हे मला कळतं. तुझी सासू असती तर ती पहिल्या बसनं येऊन तुझ्याजवळ बसली असती. ती नाही. तुझा नवरा, आपला रुद्रेश, बोटीवर, समुद्रात कुठे असेल त्याचं त्याला माहीत. उरलो मी. तेव्हा लाज बाजूला ठेवून लिहितो.

गेल्या वर्षी हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरची बाई तुला काय म्हणाली, ते मी दाराशी उभा राहून ऐकलं होतं. "एवढे फोटो काढलेस, भाजलं गो ते पोर." तेव्हा मी गप्प बसलो, कारण ते खरं की खोटं, मला ठाऊक नव्हतं. बोटीवरच्या बापाला मूल दिसावं म्हणून तू महिन्या-महिन्याला सोनोग्राफीचे फोटो काढायला जायचीस. मीच सोबत यायचो. तो पहिला फोटो मी पाकिटात घालून सगळ्या सुर्ल्याला दाखवला होता. मग सातव्या महिन्यात बाळ हलायचं थांबलं. तेव्हापासून तू 'भाजलं' हा एकच शब्द मनात धरून बसली आहेस. आता पुन्हा सातवा आहे.

मी काय शिकलेला माणूस नव्हे. खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, अक्षरं जोडायला शिकलो ती यंत्रांच्या डब्यांवरची. पण न विचारता मान हलवायची खोड मला नाही. गेल्या गुरुवारी साखळीला जाऊन सोनोग्राफीवाल्या डॉक्टरणीच्या दाराशी बसलो. क्षमा नाव तिचं, आपल्या रुद्रेशच्या वयाची. बाया आत जात होत्या, बाहेर येत होत्या, मी एकटाच म्हातारा पुरुष. शेवटी तिनंच बोलावलं, "काका, तुम्ही कोणाबरोबर?" मी म्हटलं, "एका प्रश्नाबरोबर."

तुझं नाव न घेता सगळं सांगितलं. ती म्हणाली, हे एक्स-रेसारखे किरण नव्हेत. हा आवाज आहे, कुत्र्यालाही ऐकू जाणार नाही इतका बारीक. तो आत जातो, आपटून परत येतो, त्यावरून चित्र होतं. मी म्हटलं, म्हणजे आम्ही फणस वाजवून बघतो तसं? ती हसली. "तसंच. पण फणस न कापता आतले गरे दिसतात."

मग मी तिला सरळ विचारलं, "बाळ भाजतं का?"

तिनं हसण्यावारी नेलं नाही, म्हणून माझा विश्वास बसला. म्हणाली, "आवाज अंगात जिरला की जराशी ऊब येते, ते खोटं नाही. म्हणून तर पडद्यावर एक आकडा असतो, तो आम्ही खाली ठेवतो. एका जागी रेंगाळत नाही. पाहायचं ते पाहिलं की उचलतो. हौसेसाठी करू नये, आणि गरज असताना टाळू नये. इतकी वर्षं जगभर बघतायत, अशा तपासणीनं मूल दगावल्याचं कुठे दिसलेलं नाही."

"मग आमचं का गेलं?"

"ते मला सांगता येणार नाही, काका. पुष्कळदा कोणालाच सांगता येत नाही."

मला तिचा राग आला. काहीतरी कारण दे म्हटलं असतं मी, खोटं का होईना. बसनं परत येताना कळलं, तुझंही हेच झालंय गो. काहीच कारण नसण्यापेक्षा तुला ते भाजल्याचं कारण बरं वाटतं, मग त्यात दोष तुझा का असेना. माझ्या पोरी, नको तो दोष उचलू. तो तुझा नाही.

तेव्हा ह्याच आठवड्यात जा. जानकी विहीणबाईंना बरोबर घे.
तुझा बाबा, जयराम


बुधवार सकाळ

पाकीट चिकटवलं होतं. फोडलं.

गुरुदासला पत्र द्यायला स्टँडवर गेलो, तर तो भरल्या गाडीत ओरडून विचारतो, "जयरामकाका, गुरुवारी सोनोग्राफीच्या दवाखान्यातून कागदांची पिशवी घेऊन बाहेर पडलात, काय, सगळं ठीक?" त्याच्या तोंडाला झाकण नाही. हा साईशला सांगणार, साईश तुला. आणि तू काय म्हणशील ते मला आत्ताच ऐकू येतंय. म्हणून पत्र परत घरी आणलं. वर लिहिलंय की मी मजेत आहे, ते तेवढं खोडून वाच.

त्या दिवशी मी क्षमा डॉक्टरणीला म्हटलं, मला काही झालेलं नाही, पण ते यंत्र माझ्या पोटावर लाव. सुनेला सांगायचंय की मी स्वतः आडवा होऊन आलो. ती म्हणाली, "आत्ताच काय सांगितलं मी? हौसेसाठी लावत नाही." माझ्याच प्रश्नाचं उत्तर माझ्या गळ्यात. मग मी म्हटलं, उजव्या कुशीत दुखतं थोडं. ते खोटं नव्हतं. बरेच दिवस दुखतंय, वाकून काम केल्याचं असेल म्हणून कोणाला बोललो नाही. तिनं दाबून पाहिलं, आणि मग म्हणाली, झोपा.

गार गार जेली लावतात, तेवढाच काय तो त्रास. काही कळलंच नाही. ऊबसुद्धा नाही. मी छताकडे बघत तुला काय काय सांगायचं ते जुळवत होतो. तिनं यंत्र पुन्हा त्याच जागी आणलं तेव्हा माझं लक्ष गेलं.

उजव्या किडनीवर गाठ आहे. लिंबाएवढी.

हे मी तुला सांगणार नव्हतो. रुद्रेशलाही कळवलेलं नाही. मला मरणाची भीती वाटली असं नाही, म्हणजे वाटली, पण त्याहून मोठी भीती ही वाटली की तू म्हणशील, बघा, बाबा चांगले चालत गेले आणि त्या यंत्रानं त्यांना गाठ दिली. घरी येईपर्यंत माझ्याच मनात ते येऊन गेलं, तुला काय नावं ठेवू? सकाळपर्यंत गाठ नव्हती, जेली लावली आणि झाली. असंच वाटतं गो माणसाला. दुसऱ्या दिवशी उठून मी पुन्हा साखळीला गेलो आणि हेच तिला विचारलं. ती म्हणाली, "काका, एवढी गाठ दहा मिनिटांत होत नाही. ती वर्षभर तुमच्याबरोबर बसून चहा पितेय. मी फक्त तिला पाहिलं."

दोन वर्षं ठेवली असती तर उशीर झाला असता, आता बहुतेक काढता येईल, असंही म्हणाली. "बहुतेक" म्हणाली. तेही तुझ्यापासून लपवत नाही.

समीक्षा, आतलं जे असायचं ते असतंच. आपण दार लावलं म्हणून ते जात नाही. तुझ्या पोटात बाळ बरं असेल तर यंत्रानं बिघडणार नाही. आणि त्याला काही कमी पडत असेल तर आत्ता, ह्या घटकेला, ते एकटं सोसतंय आणि आपण कोणी त्याला पाहत नाही. मला हेच सहन होत नाही. मी विचारून आलोय. वाढ थांबली असेल तर दाखल करून लक्ष ठेवतात, फारच झालं तर लवकर बाहेर काढून काचेच्या पेटीत ऊब देऊन वाढवतात. पण आधी कोणीतरी बघायला हवं. चांगलंच दिसेल असं वचन मी देऊ शकत नाही. दिलं असतं तर तूच मला खोटारडा म्हणाली असतीस.

शुक्रवारी मला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात मोठ्या तपासणीला बोलावलंय. महादेव येतो म्हणतो, पण तो वाटेत राजकारण बोलेल. खरं सांगू? मी जाणारच नव्हतो. तुला 'जा, जा' म्हणून चार पानं लिहिली आणि आपला कागद देवघरामागे खुपसून बसलो. हा दम नव्हे, बाय. तू नाही आलीस म्हणून मी जाणार नाही असं नाही. पण पाय उचलत नाहीत. घरात बोलायला माणूस नाही, आणि भिंतींना किती सांगणार?

म्हणून असं करू. उद्या, गुरुवारी, तू साखळीला ये. साईशला सुट्टी काढायला सांग, गाडी करून सावकाश या. मी सकाळपासून दवाखान्याच्या पायरीवर असेन. आकडा खाली ठेव, रेंगाळू नकोस, फोटो देऊ नकोस, हे सगळं मी डॉक्टरणीला तुझ्यादेखत सांगेन. तू आत असशील तेवढा वेळ बाहेर तुझ्या चपला सांभाळत बसेन. जे दिसेल ते आधी तू ऐक, मग मला सांग, आणि सांगवलं नाही तर नुसती शेजारी बस. शुक्रवारी माझी पाळी. तेव्हा माझ्या चपलांपाशी कोणीतरी बसेल, एवढं कळलं तरी मी जाईन.

हे पत्र गुरुदासच्या पुढच्या फेरीला देतो. तो आज दुपारी पेडण्याला गाडी लावून जेवतो आणि मग परत निघतो. साईशला तिथेच थांबायला सांगितलंय, तो पत्र घेऊन धावत येईल आणि तुझं उत्तर घेऊन धावत जाईल. लांबलचक नको. तुझ्या हाताचा एक शब्द पुरे, "येते". संध्याकाळची गाडी येईल तेव्हा मी स्टँडवर उभा असेन. लवकर उत्तर लिही गो, बाय.

पायरीवर वाट बघणारा,
तुझा बाबा
जयराम