रकान्यात तुझे नाव

सौभाग्यवती कारभारणीस,

सप्रेम नमस्कार. प्रकृती उत्तम आहे; खोकला ऐंशी टक्के गेला.

कायम वास्तव्याचा अर्ज येत्या पाच तारखेला देत आहे. निकाल लागेपर्यंत, म्हणजे सुमारे सात महिने, मला हा देश सोडता येणार नाही. अर्थात, लेकीच्या बाळंतपणाला मी नसेन. फोनवर हे सांगण्याचे धैर्य झाले नाही.

खोलीतले शिंपीमामा म्हणतात, "अहो बी.कॉम., कशाला विकतचं दुखणं घेताय? सहा वर्षं बिनकागदाचा राहतोय, कोणी विचारलंय मला?" खरे आहे. परंतु पोलीस दिसला की मामा रस्ता बदलतात, आणि त्यांची आई वारली तेव्हा परत येता येणार नाही या भीतीने ते गावी गेले नाहीत. तसे राहणे मला जमणार नाही.

लेक गोळ्या वेळेवर घेते ना? तुझा गुडघा कसा आहे?

अर्जात 'पुढे सोबत राहणारी व्यक्ती' असा रकाना आहे. घर सोडून येणार नाही, असे तू दोनदा बजावले आहेस. तरीही तिथे तुझे नाव लिहिले आहे. खोडायचे असल्यास चार तारखेपर्यंत कळव. मी आपणहून खोडणार नाही.

तुझ्या होकाराची वाट पाहणारा,
लेकीचा बाबा