मनीप्लांट आणि मुराळी

बीड, श्रावण

चि. सौ. सत्यशीला,

(‘सौ.’ लिहायची सवय अजून हाताला नाही. पंचेचाळिशीपर्यंत तू ती लागू दिली नाहीस.)

वैशाखात लग्न होऊन तू पाटोद्याला गेलीस आणि इथे तुझा मनीप्लांट पिवळा पडला. फोनवर मी ‘मजेत आहे’ म्हणायचो. खरं सांगितलं असतं तर नवा संसार टाकून पहिल्या एसटीने आली असतीस. मी मायेने रोज तांब्याभर पाणी घालत होतो. कुंडीत चिखल झाला तेव्हा कळलं, वेल तहानलेली नव्हे, बुडत होती. मग पाणी थांबवलं, कुंडी खिडकीशी नेली आणि रोज सुभाषितं म्हणत पानं पुसली.

शेजारच्या रहेमतबी म्हणाल्या, “सर, झाडाला संस्कृत कळतंय काय?”

म्हटलं, “सत्यशीलेपेक्षा बरं.”

आज नवं पान उलगडलं. वेल गजाला धरून रस्त्याकडे बघत उभी आहे.

हे कळवलं तर ‘सगळं ठीक आहे ना, मग दिवाळीला येते’ म्हणशील. म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही, हातीच देतो. पंचमी तोंडावर आली. वेलीची एक फांदी पाण्याच्या बाटलीत घालून उद्या मीच तुला न्यायला मुराळी म्हणून येतो. फांदी सासरी ठेव, तू माहेरी चल.

वेलीचा सध्याचा सेवक,
दादा