नारिंगी कोनांच्या अलीकडे

नावन, आयर्लंड
बुधवार, २८ एप्रिल २०२१

प्रिय शोभनाबाई,

नमस्कार. हा ईमेल असला तरी पत्र समजूनच वाचा, म्हणून वर तारीख घातली आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला पहिलं वाक्यसुद्धा पुरं करू देत नाही, आणि आज मला बोलायचंय.

आधी तब्येतीचं सांगा. पुण्यातल्या कोरोनाच्या बातम्या रोज रात्री बघतेय. शाळेचं मैदान बंद आहे म्हणून तुम्ही टेकडीवर जात असणार, मला माहितीये. तेही बंद करा. तुम्ही कुणाचं ऐकत नाही, तरी सांगते.

आम्ही ठीक. ज्ञानेशचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर भरतं, त्यामुळे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. स्वरांगी पंधरा वर्षांची झाली, माझ्यापेक्षा उंच. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत, आणि तेही अशा इथल्या हेलात की मलाच दोनदा विचारावं लागतं.

मुख्य बातमी अशी की तिच्याच शाळेत मी मदतनीस म्हणून लागले होते ना, तिथे मला पळणाऱ्या मुलांचा एक गट मिळालाय. सोमवारपासून मैदानी सराव पुन्हा सुरू झाला. एका गटात जास्तीत जास्त पंधरा जण, आणि दोन गटांनी एकमेकांत मिसळायचं नाही. शाळेचे कोच मिस्टर टिअर्नी एकटेच, त्यांना दुसरं माणूस हवं होतं. पुण्यात मी बारा वर्षं खेळ शिकवला हे त्यांना माहीत होतं. मैदानाच्या मधोमध रस्त्याच्या कामाला लावतात तसे नारिंगी कोन मांडलेत. पलीकडे त्यांचा गट, अलीकडे माझी चौदा पोरं.

पोरं गुणी आहेत. जरा किडकिडीत आहेत. सगळ्यांच्या आधी येतात आणि सगळ्यांच्या नंतर जातात. पलीकडच्यांना डांबरी पट्टा, पाय रोवून सुटायचे स्टार्टिंग ब्लॉक्स, टिअर्नींचा खणखणीत आवाज. आम्हाला कुंपणालगतची ओली पायवाट. पलीकडची पोरं आमच्याकडे बघून "जॉगर्स!" म्हणून ओरडतात, आणि माझी पोरं मान खाली घालून पळत राहतात.

बरं, किती आडवळणं घेऊ? हसू नका. माझ्याकडे लांब पल्ल्याची पोरं आहेत. हो, माझ्याकडे! शंभर मीटरच्या पुढे जे काही असतं त्याला बारा वर्षं तुमच्या तोंडावर शतपावली म्हणणाऱ्या वृंदाकडे. टिअर्नींनी स्प्रिंटची, म्हणजे कमी अंतराची पोरं स्वतःकडे ठेवली आणि मला विचारलं, लांब पल्ल्याचा अनुभव आहे ना? मी म्हटलं, आमच्या शाळेच्या पोरी जिल्ह्यात पहिल्या येत होत्या. यात खोटं एक अक्षर नाही. त्या पोरी तुमच्या होत्या, एवढं सांगायचं राहिलं.

पहिल्या दिवशी मला जे येतं तेच घेतलं. तीनशे मीटर जीव तोडून, जरा विश्रांती, पुन्हा तीनशे. दोघं जण कुंपणापाशी जाऊन ओकले. तिसऱ्याने अगदी नम्रपणे विचारलं, मिस, हे नेमकं कशासाठी? मी घड्याळ बघून सराव संपवला.

तर बाई, पुण्यातल्या तुमच्या मंगळवारच्या सरावात तुम्ही काय घ्यायचात? तेवढं लिहा. टोमणे नंतर मारा.

तुमची (नाइलाजाने),
वृंदा


नावन
रविवार, २३ मे २०२१

शोभनाबाई,

तुमचं उत्तर मिळालं. बहुतेक सगळं मला झापणारं, मधे कुठेतरी एक सराव, आणि शेवटी जाता जाता, "आठवडाभर ताप होता, आता बरी आहे." ही काय सांगायची पद्धत झाली? सून जवळ आहे ना? ऑक्सिजन मोजताय ना? यापुढे रोज मला एक शब्द पाठवायचा. कुठलाही चालेल, शिवी असली तरी.

तुम्ही लिहिलंत, "पोरांबरोबर स्वतः पळतेस का? नसशील तर मला काही विचारू नकोस." माझं डोकंच फिरलं. दोन दिवस धुसफुसले, ज्ञानेशवर भांडी आपटली आणि मग बूट घालून पळाले.

दुसऱ्या फेरीत छातीत जाळ झाला, पोटऱ्यांचे दगड झाले. आता थांबतेच म्हणून बाजूला बघते तर अख्खा गट हळू झालेला. कुणी हसलं नाही, कुणी धीरही दिला नाही. त्यांची रीतच आहे ती. सोप्या दिवशी सगळ्यात मागे जो असेल त्याच्या वेगाने पळायचं आणि गप्पा मारायच्या. आम्हा स्प्रिंटवाल्यांत शेजारच्या लेनमधला म्हणजे वैरी. मी शाळेत पळायचे तेव्हापासून आजवर हे कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या शेजारी स्वरांगी पळत होती.

हो, ती याच गटात आहे. मागच्या पत्रात मुद्दाम लिहिलं नाही, तुम्ही हसून हसून खुर्चीतून पडला असतात. दोन वर्षं ती पंधराशे मीटर पळतेय, आणि घरी कुणी आलं की मी सांगते, "हिला वेग नाही ना, म्हणून लांब पळते." तिच्यादेखत सांगते. त्या दिवशी ती, न धापता, हवापाण्याबद्दल बोलावं तशी म्हणाली, "जूनची स्पर्धा झाली की मी पळणं सोडतेय, मॅम." इथे आईला मॅम म्हणतात. "आमची शर्यत संपते तेव्हा कुणी उरलेलंच नसतं. स्प्रिंटर्स घरी गेलेले असतात. तू पण गाडीत जाऊन बसलेली असतेस."

मी तशीच तिच्या शेजारी धापत पळत राहिले. खरंच होतं ते. फार लागलं.

तेवढ्यात कोनांपलीकडून ईफा ओरडली. ईफा म्हणजे टिअर्नींच्या गटाची म्होरकी, शंभर मीटरला तिच्या पुढे कुणी नाही. "मस्त फेरफटका चाललाय तुमचा!" झालं! मी तशीच धापा टाकत कोनांपाशी गेले आणि टिअर्नींना म्हटलं, येत्या गुरुवारी तुमच्या गटाने आमचा सराव करायचा, आम्ही तुमचा. कोन जागचे हलणार नाहीत, फक्त बाजू बदलू. ते म्हणाले, "ग्रँड." इथे या शब्दाचा अर्थ हो, बघू आणि मला घरी जाऊ द्या, यातला कुठलाही असू शकतो. मी हो धरला.

गुरुवारी स्प्रिंटर्स कुंपणालगत पळाले. तुम्ही लिहून दिलेलाच सराव, चार मिनिटं पळायचं, मग नुसतं चालायचं, असं चार वेळा. पहिल्या वेळी वाऱ्यासारखे सुटले. तिसऱ्या वेळी ईफा गवतावर बसली, डोकं गुडघ्यांत. माझ्या गटातला डारा कोनांपाशी उभा राहून तिला सांगत होता, सुरुवात हळू कर, पहिलं मिनिट फुकट घालवतोय असं वाटलं पाहिजे. आवाजात टिंगल नव्हती. ती उठली आणि चौथा पुरा केला, रडत रडत, पण केला.

आणि आमच्याकडे काय? ब्लॉक्समधून सुटायचं म्हणजे काय असतं ते माझ्या पोरांना कळलं. स्वरांगी तर सरळ नाकावर आपटली. मी धावले, पण माझ्याआधी कोनांपलीकडून ईफाचा आवाज आला, "पुढचा पाय रेषेच्या फार जवळ आहे तुझा, मागे घे!" स्वरांगीने घेतला. नीट सुटली. बारा वर्षं मी लोकांच्या पोरींना हेच शिकवलं, आणि माझ्या पोरीला ते पलीकडच्या पोरीने शिकवलं.

एका गुरुवारने काही होत नाही, एवढी अक्कल मला आहे. पण आता दर गुरुवारी अदलाबदल होणार म्हणजे होणार, टिअर्नी ग्रँड म्हणोत वा न म्हणोत. शेवटचे दोनशे मीटर कसे पळायचे ते मी या पोरांना शिकवीन, ते मला येतं. त्याआधीचे तेराशे तुम्ही सांगा. मी पळून बघेन, मगच त्यांना देईन.

तो रोजचा शब्द विसरू नका.

तुमची,
वृंदा


नावन
रविवार, १३ जून २०२१

शोभनाबाई,

रोजचा शब्द मिळतोय. काल नुसतं "पोहे" आलं, त्यावरून तोंडाला चव आली असं समजले. बरं वाटलं.

काल स्पर्धा झाली. आसपासच्या चार शाळा, पालकांनी गाडीतून उतरायचं नाही. बॅटन या हातातून त्या हातात जातो म्हणून रिलेही नाही. ज्याची शर्यत झाली त्याने मैदान सोडायचं. सकाळी स्प्रिंट आणि सगळ्यात शेवटी मुलामुलींची एकत्रच पंधराशे. म्हणजे स्वरांगी म्हणाली होती तेच, या वेळी तर नियमानेच. ईफा शंभर मीटर जिंकली आणि तिला मेडलसकट फाटकाबाहेर काढलं.

पंधराशे सुरू झाली तेव्हा बारीक पाऊस होता आणि मैदान रिकामं. मी आत होते, रेषेपाशी. दुसरी फेरी संपता संपता रस्त्याकडून गलका ऐकू आला. बघते तर रेलिंगच्या बाहेर अख्खा स्प्रिंटचा गट, दोन-दोन मीटर अंतर ठेवून, ओल्याचिंब कपड्यांत. कुणीही घरी गेलं नव्हतं. आणि बाई, नुसता आरडाओरडा नव्हता तो. "डारा, अजून नाही, अजून नाही!" "स्वरांगी, खांदे सोड!" तिसऱ्या फेरीत कुठे जीव जातो ते त्यांना आता ठाऊक होतं, ते तिथेच ओरडत होते. मैदानावरचा एक माणूस त्यांना हाकलायला गेला तर ईफाने त्याला सुनावलं, रस्ता तुमचा आहे का? शेवटच्या दोनशेत स्वरांगीने दोघींना मागे टाकलं. मुलींमध्ये चौथी आली. आमचा सगळ्यात मागचा मुलगा रेषा ओलांडेपर्यंत रेलिंगवरचं एकही पोर हललं नाही. मी मोठ्याने रडले. मास्कमुळे निदान अर्धं झाकलं गेलं.

मग टिअर्नी आले. म्हणाले, तुम्ही मुळात स्प्रिंटच्या कोच आहात ना? ब्लॉक्स लावताना बघितलं मी. मी सगळं सांगून टाकलं. जिंकणाऱ्या त्या पोरी शोभनाबाईंच्या, माझ्या नव्हेत. मला वाटलं, आता नारळ मिळणार. ते हसले आणि म्हणाले, मी थकलोय, सप्टेंबरपासून स्प्रिंटचा गट तुम्हीच घ्या. मी विचारलं, आणि ही पोरं? "कुणी मिळालं तर बघू. नाहीतर त्यांची ती पळतील, त्यांना काय लागतं?"

खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं. डांबरी पट्टा, ब्लॉक्स, ईफासारखी पोर. माझं आयुष्यभराचं काम, हातात आणून दिलेलं. उद्या सांगते म्हटलं आणि गाडीत येऊन बसले.

स्वरांगीने सगळं ऐकलं होतं. ओला टॉवेल डोक्यावर तसाच. म्हणाली, "घे ना स्प्रिंटर्स. त्यात तू खूश असशील. मी तर सोडणारच आहे, माझ्यासाठी थांबू नकोस."

गाडी सुरू केली होती, ती बंद केली. मी म्हटलं, "तुझ्यासाठी थांबत नाहीये. त्यांना काय लागतं म्हणे! कोच लागतो, शेवटपर्यंत उभा राहणारा. तू पळणार असशील तर मी या गटाची कोच. तू सोडणार असशील तरी मी याच गटाची कोच, बाकीची तेरा पोरं आहेत माझी. स्प्रिंटचा गट टिअर्नींनी सांभाळावा, दर गुरुवारी मी कोनांच्या अलीकडून शिकवीनच."

टिअर्नींना तिथूनच फोन लावला आणि तसंच सांगितलं. ते यावेळी ग्रँड म्हणाले नाहीत. "थँक यू" म्हणाले.

आम्ही दोघी घरी पोचलो. दारात बूट काढता काढता, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "सुट्टीत पण सराव मंगळवारी संध्याकाळीच ना?"

मी म्हटलं, हो.

तेव्हा बाई, परवाच्या मंगळवारी काय घेऊ ते आजच कळवा.

तुमच्याच गोटातली,
वृंदा