तीन ताटल्या

सोमवार, ४ एप्रिल

पोचलो एकदाच्या! टेम्पोवाला दिसेल त्या हॉटेलाशी चहाला थांबत होता, त्यामुळे सकाळी निघालेल्या आम्ही दुपार कलल्यावर आलो. मध्ये चिमणी, तिच्या मांडीवर तिची बाहुली आणि माझ्या मांडीवर मोठा आरसा. आरसा शाबूत आहे, माझ्या मांड्यांचं मात्र सांगवत नाही.

घर झकास आहे. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि त्यामागे एक छोटी खोली, वर तीन खोल्या. खिडक्या अशा मोठ्या की ऊन थेट जिन्यापर्यंत येतं. अडचण एवढीच की बांधल्यापासून इथे कोणी राहिलेलंच नाही. मालकाने हौसेने बांधलं आणि मग परदेशी गेला तो तिकडचाच झाला. गिऱ्हाइकं येतात, खोट काढत नाहीत, नाक मुरडत नाहीत आणि तरी परत फिरकत नाहीत. दादाला सगळे एकच सांगतात म्हणे, आत करमत नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, घरांचा दलाल. ‘घर पाहावं बांधून’ म्हणणाऱ्याने विकून पाहिलेलं नसणार.

म्हणून शेवटी माझी आठवण झाली. रिकामी घरं नांदती दिसतील अशी मांडून द्यायची, हा माझा धंदा. हे घर विकलं गेलं की दादा मला आणि चिमणीला दोन खोल्या बघून देणार आहे. मला म्हणाला, तडतडे, एवढं कर आणि सुटलीस. माझं तोंड सतत तडतडत असतं म्हणून लहानपणापासून मी त्याची तडतडी. खरंच सुटायचंय मला. चिमणीचे बाबा गेल्यापासून वहिनीच्या घरात राहतोय, तिथे फ्रिज उघडायचा तरी आधी खाकरावं लागतं. चिमणीला काय हवं विचारलं तर म्हणते, आपलं दार आणि त्याला आपली बेल. सात वर्षांच्या मुलीने याहून कमी काय मागावं?

घर विकेपर्यंत आम्ही दोघी स्वयंपाकघरामागच्या खोलीत गादी टाकून राहणार. चिमणीने येताच बेल वाजवून वाजवून माझं डोकं उठवलं. वाजव म्हटलं, सवय होऊ दे.

बुधवार, ६ एप्रिल

दोन दिवस कंबर मोडेस्तोवर काम. लोकांना वाटतं मांडणी म्हणजे फर्निचर लावणं. फर्निचर दुकानातही असतं, तिथे कोणाला राहावंसं वाटतं का? आधी कुटुंब ठरवावं लागतं. कोण कुठे बसतं, कोणाचा चष्मा कुठे विसरतो, कोण टॉवेल ओलाच टाकून जातं. ते एकदा पक्कं झालं की घर आपोआप बोलू लागतं.

चिमणीला हा खेळ फार आवडतो. या घरातले बाबा मी रचले. लांब टांगांचे, कमी बोलणारे, सकाळचं शब्दकोडं अर्धवट सोडून देणारे. त्यांची आरामखुर्ची खिडकीशी ठेवली आणि तिच्या हातावर मी अर्धं सोडवलेलं कोडं. आई चिमणीने रचली. ही आई दिवसभर घरीच असते. कधी ओरडत नाही. वेणी घालताना केस ओढत नाही. गरम जेवण वाढते आणि समोर बसून राहते. मी म्हटलं, घे बाई तुझी सोन्याची आई, आणि खुंटीला निळा अ‍ॅप्रन टांगला, ओट्यापाशी मऊ सपाता ठेवल्या. मनाला टोचलं, खोटं कशाला बोलू?

घोळ झाला तो मुलांच्या खोलीचा. लहान मुलांच्या सामानाची पेटी गोदामातच राहिली आणि पहिलं गिऱ्हाईक परवा येणार. माझी उस्तादबाई, जिच्या हाताखाली मी हे काम शिकले, एकच गोष्ट बजावायची, मांडणीत आपली वस्तू ठेवायची नाही. भाड्याची ठेव, उसनी ठेव, आपली नको. का ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला वाटायचं, चोरीला जाईल म्हणून. आता ती बिचारी वर गेली आणि मी अडलेली. चिमणीची बाहुली उशीवर ठेवली, तिचे बूट पलंगाखाली, तिची चित्रं भिंतीवर. तिला दाराच्या चौकटीला उभी करून डोक्याशी पेन्सिलीची रेघ ओढली आणि तिच्याखाली आणखी रेघा ओढत गेले. बघणाऱ्याला वाटावं, पोर रांगत होती तेव्हापासून इथेच वाढली. इतकी खरी खोली मी आजवर मांडली नव्हती.

शेवटी जेवणाच्या टेबलावर तीन ताटल्या मांडल्या. आई, बाबा, मुलगी. झालं घर.

शुक्रवार, ८ एप्रिल

दादाचा फोन आला तो तोफेसारखा. म्हणाला, मांडणी करायला सांगितलं होतं, भाडेकरू ठेवायला नाही. झालं असं की आम्ही पडद्याच्या कड्या आणायला बाजारात गेलो होतो. गिऱ्हाईक जोडपं दादाच्या किल्लीने आत शिरलं आणि माफी मागत उलट्या पावली बाहेर आलं. आत माणसं जेवत होती म्हणे. बाई हसून म्हणाल्या, नंतर या.

मी दादाला म्हटलं, मांडलेलं टेबल बघून बावचळली असतील. रीतसर हसून घेतलं. आजवर एवढी दाद कोणी दिली नव्हती, खरं तर हुरूपच आला. पुन्हा बोलवा त्यांना, म्हटलं.

फक्त ते शब्दकोडं. पूर्ण सोडवलेलं आहे. चिमणीला विचारलं तर तिने उलट मलाच विचारलं, मला एवढे मोठे शब्द येतात का? तेही खरंच. टेम्पोवाल्याच्या पोराने भरलं असेल सामान उतरवताना. उतरवताना कोरं होतं, अर्धं तर मीच नंतर भरलं, हे लिहिता लिहिता आठवलं.

रविवार, १० एप्रिल

आज मी मुद्दाम घरातच थांबले. एक म्हातारं जोडपं आलं, भली माणसं. त्यांना बैठकीत बसवून मी वरच्या खिडक्या उघडायला गेले. खाली आले तर आजी स्वयंपाकघरातून पदार्थाची चव बघितल्यासारख्या ओठ पुसत येत होत्या. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, तुमच्या बाईसाहेब फार मायाळू आहेत हो. आणि मला विचारलं, तुम्ही इथे कामाला नव्यानेच लागलात का?

मी स्वयंपाकघरात धावले. कोणी नव्हतं. अ‍ॅप्रन पोटाशी ओला होता. सपाता ओट्यासमोर, टाचा जुळवलेल्या. मी एका सपातीत हात घातला. आत ऊब होती. हात घालायला नको होता.

तेवढ्यात चिमणी जिन्यावरून आली. दोन वेण्या, सरळ भांग, एक केस इकडचा तिकडे नाही. मला एकच वेणी येते, तीही वाकडी. कोणी घातल्या विचारलं, तर म्हणाली आईने. मी म्हटलं, मी कधी घातल्या? मठ्ठ माणसाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं.

“तू नाही,” म्हणाली.

 

मंगळवार, १२ एप्रिल

सगळं मोडलं. टेम्पोवाल्याला सकाळीच बोलावून घेतलं. अ‍ॅप्रन, सपाता, आरामखुर्ची, ताटल्या, सगळं स्वतःच्या हाताने चढवलं. चिमणीचं सामान तेवढं आमच्या पिशवीत भरलं. घर नाही विकलं तरी चालेल, वहिनीची बोलणी खाईन, फ्रिजपुढे जन्मभर खाकरीन. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभी राहिले.

आत वळले तर कांदा परतल्याचा वास. मी गॅस पेटवलेलाच नव्हता.

टेबलावर तीन ताटल्या. वाफ निघत होती. खिडकीशी खुर्ची. खुंटी रिकामी, कारण अ‍ॅप्रन कोणीतरी घातलेला असणार. आमची पिशवी रिकामी आणि बाहुली वर, उशीवर. चौकटीवर माझ्या रेघेच्या वर आणखी एक रेघ होती, चांगली बोटभर उंच. चिमणीला ओढत नेऊन उभी केली. डोकं बरोब्बर नव्या रेघेला लागलं. इथलं जेवण पोरीला मानवतंय.

आत्ता कळतंय मी काय करून ठेवलं. आईला जागा केली. बाबांना जागा केली. मुलगी तर खरीच आणून बसवली, तिच्या बाहुलीसकट. माझी ताटलीच मांडली नाही. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, पण हिला आणली कोणी? मीच की.

उद्या सकाळी चिमणीला घेऊन निघते. सामान गेलं खड्ड्यात.

बुधवार, १३ एप्रिल

घरासमोरच्या बस थांब्यावर बसून लिहितेय. एकटी.

चिमणीचा हात धरून दारापर्यंत आणलं. तिने चौकट धरली, ओरडली नाही, रडली नाही. अगदी शहाण्यासारखं म्हणाली, “मला सोडा ना.”

सोडा. मला म्हणाली. परक्या बाईला म्हणावं तसं. माझा हात आपोआप सुटला आणि दार लागलं. माझ्याकडची किल्ली आता फिरत नाही.

दुपारी दादा आला. धावत जाऊन सगळं सांगितलं, रडले, त्याचा शर्ट धरला. त्याने हळूच माझी बोटं सोडवली. म्हणाला, तुम्ही घर बघायला आलात का? पण हे आता विकायचं नाही. मालकाने माझ्या बहिणीला राहायला दिलंय, फार छान लावलंय तिने. तुम्ही, म्हणाला. माझा दादा.

मग तो आत गेला. खिडकीतून बघितलं. चहा घेत होते. चिमणी दादाच्या मांडीवर, खुर्चीत लांब टांगांचं कोणीतरी. ती पाठमोरी, निळी गाठ पाठीवर. दादा कशालातरी खदखदून हसला आणि तिला म्हणाला— तडतडे—

आयत्या बिळावर नागोबा. हसू येत नाही.

गुरुवार, १४ एप्रिल

वहिनीला फोन. तिने विचारलं कोण बोलतंय. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, काहीतरीच काय, आत्ता तर तिच्याशी बोलले—

पोलिसांना काय सांगू? मी रचलेल्या बाईने माझी—

फाटकाबाहेर बसून आहे. आतून गाण्याचा आवाज येतो. माझं गाणं, चिमणीला झोपवायचं. पण सुरात. मला सूर कधीच—

चिमणी अंगणात आली होती. नवा फ्रॉक. छान दिसते. जाड झालीय जराशी. मी हाक मारली. तिने मागे वळून घराकडे बघितलं.

शुक्रवार

बेल वाजवली. आतून पळत येणारे पाय, ओळखीचे. चिमणीनेच दार उघडलं. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. माझा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या एवढा जवळ होता. तिने नीट बघितलं, सगळा चेहरा बघितला. आणि आत वळून हाक मारली—

“आई, घर बघायला एक बाई आल्यात.”

आतून कोणीतरी उत्तर दिलं. चिमणे, म्हणाली. माझ्या आवाजात. दार लाव, म्हणाली, जेवण गार होतंय.

चिमणी मला म्हणाली, सॉरी हं. आणि लावलं. आपलं दार.

पुन्हा वाजवते. या वेळी ती विचारायच्या आत सांगून टाकते, मी कोण ते. सोपं आहे. एकच शब्द आहे. मी तिची— मी तिची