फिल्मच्या कडेचे आकडे

९ ऑक्टोबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? इथे घर ठीक, तब्येत ठीक, फक्त मी रागावलेली आहे. हे पत्र रागातच लिहिते आहे, तेव्हा अक्षर पाहून "हिचं काही खरं नाही" असं वहिनीला सांगत सुटू नकोस.

पहिला राग आमच्या ग्रंथालयाच्या समितीवर. "बाई, तुम्ही आता निवृत्त, तुम्हाला वेळच वेळ," असं म्हणून वस्तीतल्या लोकांसाठी फोटोग्राफीच्या शिबिराची आखणी यांनी माझ्या गळ्यात बांधली. पस्तीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे मी फुकट मिळणारी बाई आहे असं सगळ्यांनाच वाटतं. पण बांधलीत ना गळ्यात? मग आखू तरी द्या!

बैठकीला अध्यक्ष होते. यांना मी मनात 'हो-हो' म्हणते, कारण समोरचा काहीही बोलला तरी हे दोनदा हो म्हणतात. आणि एक लग्नांचे फोटो काढणारे गृहस्थ होते, तज्ज्ञ म्हणून बोलावलेले. गळ्यात दोन कॅमेरे. बैठकीला! गवंडी काय थापी घेऊन जेवायला बसतो?

"सोपं आहे, बाई," लग्नवाले म्हणाले. "मोबाइलवाले पहिल्या वर्गात, छोट्या कॅमेऱ्यावाले दुसऱ्या, मोठ्या लेन्सवाले तिसऱ्या."

"हो हो," अध्यक्ष.

"म्हणजे महागाचा तवा घेतला की बाई सुगरण?" मी विचारलं.

"तसं नाही हो. पण मग कुणाला किती येतं हे ठरवणार कसं?"

"स्वतःचं काय चुकलं हे माणसाला किती कळतं, त्यावरून. आपला फोटो बिघडलाय हेच ज्यांना दिसत नाही, ते पहिल्या वर्गात. दिसतं पण कशाने बिघडला ते कळत नाही, ते दुसऱ्या. आणि कशाने बिघडला हे ज्यांना सांगता येतं, ते तिसऱ्या."

"हो हो," अध्यक्ष म्हणाले. या वेळी माझ्या बाजूने.

तिसऱ्या वर्गाला फिल्म धुवायला शिकवायची, असंही मी ठणकावून सांगितलं. लग्नवाले हसले. "बाई, फिल्म म्हणजे इतिहास झाला." मी म्हटलं, "तुमच्या फोनमध्ये चुकलेला फोटो अंगठ्याने पुसता येतो. फिल्मवर चूक पुसता येत नाही, म्हणून शिकवायची." बोलून गेले, पण नंतर घरी येईपर्यंत ते वाक्य मलाच टोचत राहिलं.

मागच्या शनिवारी नावनोंदणी झाली. मी फलकावर लिहिलं होतं : येताना स्वतःचा सगळ्यात वाईट फोटो आणा. सत्तावीस जण आले. एका निवृत्त पोस्टमनच्या प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात त्यांचाच अंगठा. "हा डाग कॅमेऱ्यातच आहे," म्हणाले. पहिला वर्ग. एका नर्सबाईंनी नवऱ्याचा फोटो आणला होता, चेहरा कोळशासारखा काळा आणि मागची खिडकी लखलखीत. "खिडकीसमोर उभं केलं, चुकलंच माझं," म्हणाल्या. तिसरा वर्ग, तोही फोनवर काढलेल्या फोटोवरून. आणि मोठ्या लेन्सवाले एक साहेब आले, त्यांना स्वतःचा एकही वाईट फोटो सापडला नव्हता. त्यांना कुठे बसवलं असेल ते तू ओळखशील. अजून माझ्याशी बोलत नाहीत. बरंच झालं.

मग बेकरीवाल्या बाई आल्या. हातातली फोटोंची चळत टेबलावर ठेवली आणि सहज विचारलं, "आणि बाई, तुमचा सगळ्यात वाईट कुठला?"

मी म्हटलं, "माझे सगळेच. पुढचे या."

सगळे हसले. मी हसले नाही.

आता दुसरा राग. तो तुझ्यावर आहे. तिसऱ्या वर्गाला शिकवायला तू ये, असं मी तुला तीन पानं लिहिलं, राहण्याची सोय लिहिली, तुझ्या गुडघ्यासाठी तळमजल्यावरची खोली मागून घेतली. मंगळवारी तुझ्या तीन ओळी आल्या. "ज्याला आईचा एक रोल धड कॅमेऱ्यात घालता आला नाही, त्याने लोकांना काय शिकवावं? दुसरा कुणी बघ. तब्येत सांभाळ."

चौतीस वर्षं, दादा! चौतीस वर्षं तू हे उशाशी घेऊन झोपतोस? त्यानंतर तीन आठवड्यांत कॅमेरा देऊन टाकलास आणि जहाजांच्या कचेरीत कारकून म्हणून जाऊन बसलास. पोरीच्या लग्नात कुणी हातात कॅमेरा दिला तर "माझा हात वाईट आहे" म्हणालास. नातीचा पहिल्या पावलांचा फोटोसुद्धा शेजाऱ्याकडून काढून घेतलास, वहिनीने मला फोनवर सांगितलं. एवढं सगळं एका रोलवरून? आणि तेही मी सांगितलं म्हणून? लहानपणी मी खिडकीत साप आहे म्हटलं तर काठी घेऊन आधी मला हाणायचास, मग साप बघायचास. माझा एक शब्द कधी खरा मानला नाहीस. नेमका तेवढाच का मानलास?

शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, कबुली देताना आधी 'मी' म्हणा, कारणं नंतर. मी इतका वेळ कारणंच लिहिते आहे असं आता दिसतं.

तर मी.

आईचा तो रोल तू नीट घातला होतास. आठवतं ना, कॅमेरा दिसला की आई उठून आत जायची. त्या सकाळी मात्र मागच्या पायरीवर केस वाळवत बसली होती, आणि तू काहीतरी वात्रट बोललास आणि तिला हसू आवरेना. छत्तीसच्या छत्तीस काढलेस. अकराव्या दिवशी आई गेली. रोल कॅमेऱ्यातच होता. पुढे काही दिवसांनी तू तो माझ्या हातात दिलास. "तू धू. तुझा हात चांगला आहे. मला नाही जमणार."

जिन्याखालच्या त्या अंधाऱ्या खोलीत आपली रीत तुला माहीत आहे : बाटल्यांवर नाव नाही, डावीकडे डेव्हलपर, उजवीकडे फिक्सर, हात सवयीने जातो. मी रसायनशास्त्राची नवी कोरी बाई. वर्गात बाटलीवर नाव नसलं तर मुलींना बाकावर उभं करायची, आणि घरात दोन सारख्या तपकिरी बाटल्या बिननावाच्या! आदल्या दिवशी मीच फळी पुसली होती आणि बाटल्या परत ठेवताना अदलाबदल झाली. अंधारात फिल्म धुण्याच्या टाकीत घातली, झाकण लावून मी दिवा लावला आणि डावीकडची बाटली ओतली. फिक्सरचा आंबट वास नाकात आला, दादा. मला आला होता. मी ओतत राहिले, कारण मी चुकेन ही गोष्ट माझ्या डोक्यातच शिरत नव्हती.

डेव्हलपर चित्र उमटवतो, फिक्सर ते पक्कं करतो आणि फिल्मवरचा उरलेला मसाला काढून टाकतो. उमटायच्या आधीच फिक्सर पडला तर काढून टाकायला सगळंच असतं. पट्टी बाहेर काढली तर काचेसारखी स्वच्छ. आई नाही, पायरी नाही, काही नाही.

तू दाराबाहेर उभा होतास. "आली का?" विचारलंस. आणि माझ्या तोंडून निघालं, "फिल्म कॅमेऱ्याच्या दात्यांत अडकलीच नव्हती रे. पुढे सरकलीच नाही. कोरी आहे." तू पट्टी बघायलासुद्धा मागितली नाहीस. एकदा जरी उजेडाला धरली असतीस तरी मी पकडले गेले असते! फिल्म पुढे सरकली नाही तर चित्रं नसतात, पण कारखान्यात कडेला छापलेले आकडे उमटतात. आकडेही नाहीत म्हणजे चूक धुणाऱ्याची. हे मला तूच शिकवलं होतंस.

त्या संध्याकाळी सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही. कॅमेरा दिलास त्या दिवशी तर मी तुझ्या दारापर्यंत आले होते. पण वहिनी म्हणाली, "त्यांना आत्ता काही बोलू नका," आणि मला ते फार सोयीचं पडलं. पुढे दर वर्षी सांगणं जास्त जड होत गेलं. लोकांच्या पोरींना "वहीत खाडाखोड चालेल, लपवाछपवी नाही" असं सांगून मी पेन्शन मिळवलं. लाज वाटते हे लिहायला, आणि लाज वाटते याचाही राग येतो.

तुला ती पट्टी फेकली असं सांगितलं होतं. तेही खोटं. पत्रासोबत तिचा अर्धा तुकडा पाठवते आहे. खिडकीशी जा, चष्मा लाव आणि कडा बघ. दोन्ही कडा बघ. वहिनीलाही दाखव, म्हणजे तुझी खात्री पटायला आणखी कुणाचा शब्द लागणार नाही.

दुसरा तुकडा माझ्यापाशी आहे. येत्या शनिवारी दहा वाजता तिसऱ्या वर्गाचं पहिलं सत्र. मी तो टेबलावर ठेवणार आहे आणि काय घडलं ते, कुणाच्या हातून घडलं ते आणि दोष कुणी वाहिला ते सांगणार आहे. बेकरीवाल्या बाईंना उत्तर द्यायचं राहिलं आहे. अध्यक्षांना आधीच कळवलं. जन्मात पहिल्यांदा ते हो म्हणायला विसरले.

तू आलास तर तुझ्यासमोर सांगेन, नाही आलास तर तुझ्यामागे. पण शिकवायला ये असं आता विनवणार नाही. तो अधिकार मी घालवला. एवढंच म्हणते, उद्या नात अंगणात धावायला लागली तर शेजाऱ्याला हाक मारू नकोस. तुझा हात कधीच वाईट नव्हता.

आई हसताना कशी दिसायची ते मला आता नीट आठवत नाही. तुला आठवत असेल, कारण तू काचेतून छत्तीस वेळा पाहिलं होतंस. कधीतरी सांगशील का, हे विचारायचं होतं. आज नाही विचारत.

पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहितात. मला ते लिहवत नाही. राग असावा, दादा. चौतीस वर्षं तू तो स्वतःवर केलास. आता ज्या पत्त्यावर तो यायला हवा होता, तिथे पाठव.

तुझी बहीण,
जिने फिक्सर आधी ओतला