प्रेसला बांधलेला दोरा

इंदापूर
रविवार, १९ ऑक्टोबर १९९७

श्री. जोतीराव यांस दत्तोबाचा सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक. तुमची बहीण मुक्ता बरी आहे, म्हैस बरी आहे, माझं पित्त त्याच्या नेहमीच्या जागी आहे.

प्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घ्यावी. आज दुपारी तुमच्यामुळे माझा भात अर्धा तास लांबला. कुकरची शिट्टी चमच्यानं उचलायची आणि वाफ काढून टाकायची, हा या घराचा जुना शिरस्ता. तुमच्या भाचीनं, मनिषानं, माझ्या हातातला चमचाच काढून घेतला. म्हणाली, "आबा, मामा म्हणतो, दाब आपला आपण उतरू द्यायचा. आतली वाफ चिडलेली असती." वाफेला राग येतो हे मला आजवर कुठल्याच शास्त्रात आढळलं नव्हतं. मी तसं म्हणालो, तर मुक्ता स्वयंपाकघरातून म्हणाली, "बसा की गप. पोरगी शिकून आलीया. तुमाला थांबायला काय हुतंय?"

थांबलो. रिकामं ताट पुढ्यात घेऊन मामाचं स्तोत्र ऐकलं.

ते आता मला पाठ झालं आहे. उसाच्या चिपाडाचा भुसा दोन लोखंडी तव्यांमध्ये ठेवायचा, तवे पावणेदोनशे अंशांवर तापवायचे, वरून कित्येक टनांचा दाब द्यायचा आणि वहीएवढी फळी काढायची. तुमच्या प्रयोगशाळेतल्या त्या प्रेसवर एवढंच काम चालतं. पण मनिषा ते सांगते तेव्हा आपण यज्ञाची तयारी ऐकतो आहोत असं वाटतं. हातमोज्यांशिवाय जवळ जायचं नाही. दाब टप्प्याटप्प्यानं सोडायचा, नाहीतर आतल्या वाफेनं फळी फुटते. दाब देणाऱ्या तेलाच्या नळीची गळती हातानं चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची, कारण तेलाची बारीक धार सुईसारखी कातडीत शिरते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "मामा म्हणतो".

हीच पोर माझ्यापुढं 'देव' शब्द चालवताना द्वितीयेपर्यंत दोनदा जांभई द्यायची.

वरकुट्यात मेंढरांमागं हिंडणाऱ्या आमच्या घरात संस्कृत शिकलेला मी पहिला. वाटायचं, निदान एक पोर तरी माझ्या मागून येईल. ती बी.एस्सी. झाली, बारामतीला तुमच्या घरी राहिली, तुमच्या हाताखाली लागली आणि दर रविवारी थोडी थोडी तुमची होऊन येते. चालताना हात मागं बांधायची तुमची सवयसुद्धा तिनं उचलली आहे. जोतीराव, हसू नका. मला तुमचा हेवा वाटतो. पोट दुखावं तसा वाटतो.

आता खंडेनवमीचं सांगतो. इतका वेळ इकडचं-तिकडचं लिहिलं ते हेच टाळायला.

तुम्ही मला पूजेला मानानं बोलावलंत. मी त्या प्रेसवर दोन श्लोक रचून आणले होते. ते म्हणत असताना तुमचा हेल्पर बिरू पेढे मोजत होता आणि मनिषा तुमच्याकडं बघत होती. पूजेच्या आधी तुम्हीच मला यंत्र दाखवलंत. पुढची जाळी वर-खाली करून म्हणालात, "दाजी, ही जाळी पुरती खाली आली की ह्ये बारकं बटण दाबलं जातं. मग हिरवा दिवा लागतो. दिवा लागल्याबिगर तवे मिटत न्हाईत. माणसाचा हात आत ऱ्हायला नको म्हणून केलंय."

तव्यांना कुंकू लावायचं म्हणून जाळी वर होती. दिवे दिसावेत म्हणून वीज चालू होती. मी हार घातला आणि लाल दोरा बांधायला जागा शोधली. ते बारकं बटण मला बरं दिसलं. तीन वेढे घातले, गाठ आवळली.

हिरवा दिवा लागला. जाळी वर असताना.

मी तो पाहिला. तुमचं सांगणं ऐकून घटकाही झाली नव्हती, त्यामुळे त्याचा अर्थ मला कळला नाही असं म्हणायची सोय नाही. तोंड उघडणारच होतो. तेवढ्यात मनिषानं वाकून तुमच्या पाया पडून घेतलं, मी, तिचा बाप, शेजारी उभा असताना. मनात आलं, एवढे जाणते आहेत, सापडेल त्यांचं त्यांना. खरं तर मनात आलं की सापडूच नये, एकदा तरी तिच्यासमोर मामा चुकू दे. झेंडूच्या हारात तो दोरा कुणाला दिसला नाही, आणि दिसला तरी पूजेचा दोरा आपल्याकडं कोण सोडतं? दसरा होताच तुम्ही पुण्याला ट्रेनिंगला गेलात, मनिषावर प्रेस सोपवून. तेही मला लागलं, अभिमानानं आणि दुसऱ्या गोष्टीनंही.

आज जेवताना ती म्हणाली, "आबा, आता लई भराभर काम हुतंय. जाळी वर असली तरी तवे मिटतात. भुसा कडंला सरकला तर मिटता मिटता हातानं सारखा करता येतो. मामानं जाता जाता सोय करून दिलीया वाटतं."

तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार, असं तिनं धरलं आहे.

मी म्हणालो, "हात नको घालूस." ती हसली. "आबा, तुमाला त्यातलं काय कळतंय?" मुक्ताही हसली. तेव्हा खरं सांगायला हवं होतं. पण मग मला किती दिवस माहीत होतं, हेही सांगावं लागलं असतं. भात कालवत बसलो.

तुम्ही आज रात्री पुण्याहून परतताय असं ती म्हणाली, म्हणून हे पत्र तिच्याच हातून पाठवतो आहे. उद्या पहिल्या गाडीनं ती थेट तुमच्या घरी येईल. मामाच्या हातात दिल्याशिवाय कामावर जायचं नाही असं बजावलं आहे. उभ्याउभ्या वाचा. वाचून झाल्यावर तुम्ही स्वतः जा आणि तो दोरा कापा. कुणी पूजेचा आहे म्हणून अडवलं, तर ज्यानं बांधला त्यानंच सांगितलंय म्हणा.

आता तुम्ही-आम्ही बाजूला ठेवतो. जोतीराम, मला तिच्या हातांची भीती वाटते. सहा दिवस ते हात त्या तव्यांत जात होते आणि मी इथं तुझा हेवा करत बसलो होतो. माझं ती ऐकणार नाही. तुझं ऐकते. तूच सांग तिला, आणि दोरा कुणी बांधला, दिवा कुणी पाहिला, तेही सांग.

मनिषाचा बाप,
दत्तोबा